टाकीचा वास गेला

३ फेब्रुवारी

ताई,

तुझे सगळे डबे सुखरूप पोचले. ट्रकवाला म्हणाला, आत काय आहे ते सांगू नका, पण पुढच्या वेळी दुसरा ट्रक बघा. एका डब्याचं झाकण रस्त्यात सैल झालं होतं आणि तुझ्या लेकरांनी त्याच्या गादीवर पथारी पसरली होती.

डबे उतरवायला दाजी पंपाचं काम टाकून स्वतः आले. एकेक डबा असा अलगद उचलत होते की मला हसू आवरेना. म्हटलं, दाजी, हे जंतू आहेत, जावई नव्हेत. तर म्हणाले, "तुझ्या बहिणीने गेली दोन वर्षं माझ्यापेक्षा यांनाच जास्त वेळ दिलाय. मान राखायला हवा." नवऱ्याला माझ्याकडे ठेवून तिकडे प्रयोगशाळेत जंतू पोसणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

तू आमच्या कातडी कमावायच्या कारखान्यात एकदाच आली होतीस आणि फाटकातूनच नाक धरून परत फिरलीस, म्हणून सांगतो. कातड्यावरचे केस काढायचं औषध, चुना, मीठ, चरबी, रंग, सगळं गटारातून आधी पहिल्या टाकीत येतं. ही टाकी जमिनीखाली आहे. वर स्लॅब, स्लॅबला माणूस जाईल एवढं चौकोनी तोंड आणि त्यावर लोखंडी झाकण. तिथून पंप ते पाणी पुढच्या उघड्या टाकीत ढकलतो. आजवर जंतू त्या उघड्या टाकीतच सोडायचे. तू म्हणालीस की पहिल्या टाकीतही सोडा आणि तिथेही हवा द्या, म्हणून दाजींनी ब्लोअरपासून नवा पाइप टाकला. काल सगळे डबे ओतले.

ब्लोअर सुरू झाला की बाकीचे कान झाकतात, मी पाइपवर तळहात ठेवतो. थरथर लागली की हवा चालू. त्या ब्लोअरने माझे कान खाल्ले तरी त्याच्याशी माझं वैर नाही. कान गेले म्हणून तर तुला फोनवर बोंबलावं लागत नाही आणि मला तुझी पत्रं मिळतात. नाक मात्र शाबूत आहे. इथे मला सगळे नाकवालाच म्हणतात. कोणाला टाकीत उतरायचं असलं की झाकण उघडून आधी मी हुंगतो, मी मान हलवली की माणूस उतरतो. गॅस मोजायचं यंत्रही आहे, पण ते सारखं किंचाळतं म्हणून साहेबांनी त्याचे सेल काढून ते कपाटात ठेवलंय. किंचाळलं तरी मला काय ऐकू येणार!

एप्रिलअखेर पाणी सुधारलं नाही तर प्रदूषण खातं कारखान्याला कुलूप ठोकणार आहे. म्हणजे मी आणि दाजी दोघेही घरी. तेव्हा तुझ्या लेकरांना सांग, मामाची लाज राखा.

तुझा,
भोपू


९ फेब्रुवारी

भोपू,

आशीर्वाद तुला जन्मापासून चालूच आहेत, ते वेगळे लिहीत नाही. कामाचं ऐक.

जंतू म्हणू नकोस, जिवाणू म्हण. जंतू म्हटलं की लोक फिनेल घेऊन धावतात.

तुमच्याच गटाराच्या तळाचा गाळ आणून मी हे वाढवलेत. आधी थेंबभर घाण पाणी पाजलं, मग जरा जास्त, मग आणखी. बहुतेक मेले. जे तगले त्यांचं विरजण लावून पुन्हा तेच केलं. आता जे तुझ्या टाकीत आहेत ते अगदी निगरगट्ट आहेत, काहीही पचवतात. फक्त हवा हवी. हवा तुटली की ते माना टाकतात, आणि तळाच्या गाळात दबा धरून बसलेले दुसरे उठतात. त्यांना हवा चालत नाही. सडक्या अंड्यांचा वास येतो ना, तो त्यांच्यामुळे. आणि भोपू, तो नुसता वास नाही, तो विषारी गॅस आहे. वास येतोय तोवर टाकीत कोणीही उतरायचं नाही. हे तुझ्या साहेबाला, तुला आणि तुझ्या दाजींना, तिघांनाही लागू आहे.

मी उंटावरून शेळ्या हाकते आहे असं तू म्हणशील. म्हण. पण शेळ्या माझ्या आहेत.

तुझ्या दाजींना विचार, पत्र लिहायला हात दुखतो का. दुखत असेल तर अंगठा उठवून पाठवा म्हणावं, तेवढ्यावरही मी भागवीन. चिमी विचारते की आईचे किडे मामाकडे नीट जेवतात का. वर्गात तिने सांगितलंय, आमचे बाबा आणि मामा मिळून नदी धुतात.

ताई


१ मार्च

ताई,

जेवतात म्हणजे? अधाशासारखे जेवतात! चिमीला सांग, पंगत उठतच नाही.

उघड्या टाकीतला गाळ काळ्याचा तपकिरी झाला. हातात घेऊन हुंगला तर भिजल्या मातीचा वास, शपथ. पहिल्या टाकीचं झाकण उघडलं की पूर्वी डोळ्यांतून पाणी यायचं, ते निम्म्याहून कमी झालं. नदीकडे जाणाऱ्या नाल्यात पाण्याच्या तळाचे खडे दिसायला लागलेत. दाजी रोज कोणाला तरी हाताला धरून नाल्यावर नेतात आणि म्हणतात, "बघा, हे आमच्या हिचं काम." परवा वजनकाट्यावरच्या म्हाताऱ्यालाही नेलं. त्याला धड दिसत नाही, तरी तोही छान छान म्हणाला.

आता वाईट बातमी. आठवडाभर सकाळी कामावर आलो की पहिल्या टाकीला पुन्हा सडक्या अंड्यांचा वास येतोय. दुपारपर्यंत कमी होतो. मला काही उलगडा होईना. शेवटी दाजी एकदा रात्रपाळीला थांबले तेव्हा कळलं. संध्याकाळी आम्ही गेलो की साहेब ब्लोअर बंद करायला लावतात आणि आम्ही यायच्या आधी चालू. विजेचं बिल वाढलं म्हणे. मी बहिरा, मला कुठून कळणार? मी येतो तेव्हा पाइप थरथरत असतो.

साहेबांशी बोलावं तर पाण्यात राहून माशाशी वैर. तू सांग काय करू.

भोपू


६ मार्च

भोपू,

तुझं पत्र वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. रात्रभर हवा बंद? अरे, मी त्यांना विष पचवायला शिकवलं, श्वास न घेता जगायला नाही शिकवलं!

साहेबांकडे जा आणि माझं नाव घेऊन सांग. एप्रिलमध्ये खातं कुलूप लावेल तेव्हा बिल शून्य येईल म्हणावं. घाबरू नकोस. तुला ऐकू येत नाही याचा एकदा तरी फायदा करून घे, तो काय बोलतो ते ऐकूच नकोस आणि आपलं म्हणणं सांगून ये.

मला दर आठवड्याला वासाचं कळव. ब्लोअर खरंच चालू राहिला की नाही ते वासावरून कळेल. तोवर आत कोणी उतरायचं नाही.

आमच्या संस्थेत पुढच्या महिन्यात मोठी माणसं येणार आहेत आणि मला तुमच्या टाकीबद्दल बोलायचंय. मी अजून कोणाला काही सांगितलं नाही, पण रोज मनात बोलून बघते. हे यशस्वी झालं तर मला तिथे, तुमच्या जवळच्या शहरात, बदली मागता येईल. मग चिमी, मी आणि हे एका घरात राहू. किती वर्षं महिन्यातून एकदा भेटतोय आम्ही! चिमीला तिचे बाबा म्हणजे पाहुणेच वाटायला लागलेत.

ताई


१९ मार्च

ताई,

वास गेला!

साहेबांकडे गेलो होतो. तू सांगितलंस तसंच केलं, मान खाली घालून सगळं बोललो आणि वर बघितलं. ते हसत होते. पाठीवर थाप मारली. म्हटलं, मान्य दिसतंय. पुढे दोन-तीन दिवस वास इतका वाढला की विचारू नकोस. आणि मग एका सकाळी झाकण उघडलं, वाकलो, पहिल्या श्वासाला जरासा झटका लागला आणि मग काही नाही. स्वच्छ. दुसऱ्या दिवशीही काही नाही, तिसऱ्याही. दाजींना हुंगायला लावलं. त्यांनाही नाही. तुझ्या लेकरांनी बाजी मारली, ताई.

तुझी भावजय म्हणते, माझ्या कपड्यांचा वास उलट वाढलाय. तिचं सगळंच उलटं. मी म्हटलं, नाकवाला मी की तू? दाजींची तू दिलेली चांदीची अंगठी काळी ठिक्कर पडली, ती रोज राखेने घासतात. डोळे जरा चुरचुरतात, डोकं धरतं. ऊन वाढलंय, दुसरं काय.

एकच अडचण आहे. केसांचे गोळे पंपात अडकताहेत. पंप दिवसाआड बसतो. आत उतरून पंपाच्या तोंडाला जाळी बसवावी लागेल, ते काम दाजींचं. पण ते म्हणतात, "घरची परवानगी आल्याशिवाय मी पाय टाकणार नाही." तेव्हा लवकर लिही. तुला काय वाटतं, झालं ना काम?

भोपू


२३ मार्च

माझ्या भोपू,

झालं! झालं, झालं! पत्र हातात धरून मी प्रयोगशाळेत नाचले. शिपाईकाका बघत राहिले.

मला खात्री होती. मध्ये वास वाढला ना, ती त्यांची शेवटची झुंज होती, तळातल्या त्या दुसऱ्यांची. हवा नीट मिळाल्यावर माझे वरचढ ठरले. वास पूर्ण जाणं यापेक्षा मोठी पावती नाही. त्या साहेबाला माझे आभार सांग, शेवटी ऐकलंन बिचाऱ्याने.

आणि तुझ्या दाजींना म्हणावं, बायकोची परवानगी आहे, खुशाल उतरा. जाळी बसवा आणि महिनाअखेर घरी या. चिमीने तुमच्यासाठी नदीचं चित्र काढलंय, तिच्यात मासे इतके आहेत की पाण्याला जागा नाही. अंगठी घासून घासून झिजवू नका, नवी घेऊ.

आज मी फार सुखात आहे.

तुझी ताई


१८ एप्रिल

ताई,

तू आलीस तेव्हा मी दवाखान्यात होतो, नळ्या लावलेल्या. ही सांगते की तू दारापर्यंत आलीस, मला बघितलंस आणि तिथूनच परत गेलीस. बरोबर केलंस.

कोणीतरी तुला काहीबाही सांगण्याआधी मीच लिहितो. त्या सकाळी पंप पुन्हा बसला. दाजी म्हणाले, साहेबांकडून ते यंत्र मागू या, कमरेला दोर बांधू. मी म्हणालो, माझ्या नाकापुढे यंत्राची काय मिजास! झाकण उघडलं, हुंगलं, वास नव्हता. मी मान हलवली. मीच त्यांना उतरा म्हटलं, ताई. ते शिडीच्या अर्ध्यावर गेले आणि हात सुटले. ओरडले असतील तर मला ऐकू आलं नाही. मी मागोमाग उतरलो, तेवढं आठवतं. कातड्यांची गाठोडी उचलणाऱ्या दोघांनी मला आकड्याने वर ओढलं. मला आधी ओढलं, कारण मी वर होतो.

चौकशी लागली आहे. मी हेच लिहून दिलंय. चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही.

क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही.

भोपू


२६ एप्रिल

तुझं पत्र मिळालं.

मी तुला लिहिलं होतं, स्पष्ट शब्दांत लिहिलं होतं, की तो विषारी गॅस आहे. माझा नवरा यंत्र मागत होता आणि तू नाकाची शेखी मिरवत होतास. वीस वर्षं गटारात घालवली आणि एवढंही कळलं नाही, की गॅस फार झाला की आधी नाकच मरतं? वास जात नाही, वास घेणारा जातो. शाळेतल्या पोरालाही शिकवतात हे.

तुला नोकरी मी लावली नव्हती, पण यांना तिथे तू नेलंस. "दाजी, माझ्याजवळ राहा, मी आहे ना." होतास खरा!

चिमी रोज विचारते. तिला काय सांगायचं ते मला सुचेना, म्हणून खरं ते सांगितलं. तुझ्या मामाने तुझ्या बाबांना खाली पाठवलं. आता ती तुझं नाव घेत नाही. मीही घेणार नाही. पुन्हा लिहू नकोस. आलास तर दार उघडणार नाही.


३० मे

ती. वन्सं,

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नव्हतं. आजही ह्यांच्या नकळत लिहिते आहे. ह्यांनी मला लेकरांची शपथ घातली होती. ती मी मोडते आहे, त्याचं पाप मला लागू दे.

तुम्ही ह्यांना जे लिहिलंत ते मी वाचलं. ह्यांनी ते उशीखाली ठेवलं आहे. वन्सं, ते तसं झालं नाही.

तुमचं आनंदाचं पत्र आलं ती सकाळ मला लख्ख आठवते. स्वयंपाकघरात दोघं बसले होते. ह्यांनी वाचलं. दाजींनी पुन्हा मोठ्याने वाचायला लावलं, मग स्वतः हातात घेऊन मला वाचून दाखवलं. "बायकोची परवानगी आहे, खुशाल उतरा." हे वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं आणि खूप हसले. एवढे खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते. यंत्र मागू या असं हेच म्हणाले होते. दोर बांधू या, असंही हेच म्हणाले, कारण दोन दिवस ह्यांच्या छातीत भरून येत होतं. तर दाजी म्हणाले, "आमच्या घरची शास्त्रज्ञ सांगते आहे. तुझ्या साहेबाच्या डब्यापेक्षा तिचं मी जास्त ऐकतो." आणि निघाले. ह्यांनी झाकण उघडून हुंगलं ते खरं. पण दाजी ह्यांच्या मानेकडे बघायला थांबलेच नाहीत, हे गाठोडी उचलणाऱ्यांनी पाहिलंय.

दवाखान्यात डोळे उघडल्यावर हे मला पहिलं वाक्य बोलले ते हे, की ताईला पत्राचं कळू द्यायचं नाही, ती जगणार नाही.

म्हणून सगळं स्वतःवर घेतलं. आणि त्यात साहेबांचं फावलं. रात्री ब्लोअर कोण बंद करायचं हे चौकशीत कोणी विचारलंच नाही, कारण हे चूक माझी म्हणून सही करून मोकळे झाले. रात्रपाळीवाले सांगतात, साहेबांनी ब्लोअर रात्रीचा बंदच ठेवला होता, एकही रात्र चालू ठेवला नव्हता. त्या दिवशी हसले ते ह्यांना मान्य म्हणून नव्हे. अपघात झाल्यापासून मात्र तो रात्रंदिवस चालू आहे. पाणी आता आरशासारखं जातं. खात्याची माणसं येऊन शाबासकी देऊन गेली. नोकरी गेली ती फक्त ह्यांची, आणि आता खटला चालणार. त्याआधी पंचवीस जूनला चौकशीची शेवटची सुनावणी आहे. वकील म्हणतो, तुरुंग टळणार नाही.

मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. पण माझा नवरा न केलेल्या गुन्ह्यासाठी आत जाईल आणि बहिणीच्या दारातही उभा राहू शकणार नाही, हे मला बघवत नाही. ह्यांच्या कपड्यांच्या वासाचं माझं कोणी ऐकलं असतं तर, असं रोज मनात येतं. पण ते आता कोणाला सांगू?

तुमची भावजय


४ जून

भोपू,

माझं २३ मार्चचं पत्र तुम्हाला कधी मिळालं? दुसरं काही लिहू नकोस, एवढंच सांग.

ताई


९ जून

ताई,

तू लिहिलंस, तू लिहिलंस! पाकिटावर तुझं अक्षर बघून मी पायरीवरच बसलो.

तुझं ते पत्र दाजी गेल्यावर दुसऱ्या दिवशी आलं. आईबाबांची शपथ. दाजींनी ते वाचलंच नाही. टपाल तेव्हा उशिरा येत होतं, कोणालाही विचार. हिने तुला काही लिहिलं असेल तर मनावर घेऊ नकोस, ती घाबरली आहे, नवऱ्याला सोडवायला बायको काहीही बोलते. मी तुरुंगात गेलो तर असं काय आकाश कोसळणार आहे? तिथेही गटारं असतीलच, त्यांना नाकवाला लागेल.

तू मनात काही आणू नकोस. तू चिमीला सांभाळ. तू माझ्यावर चिडलेली राहा, पण ठीक राहा. मला ते चालेल, ताई, खरंच चालेल.

तुझा,
भोपू


१४ जून

माझ्या भोपू,

तू लहानपणापासून खोटं बोलताना शपथ घेतोस. खरं सांगताना तुला ती कधी लागली नाही. त्यामुळे तुझी शपथ वाचली आणि मला माझं उत्तर मिळालं.

तुला शिव्या लिहिताना मी किती बिनचूक होते! गॅस फार झाला की आधी नाकच मरतं, असं लिहिलं. हे मला ठाऊक होतं, मी हे मुलांना फळ्यावर लिहून शिकवलंय. आणि तुझं १९ मार्चचं पत्र माझ्या हातात होतं. पहिल्या श्वासाला झटका आणि मग काही नाही. अंगठी काळी ठिक्कर. डोळे चुरचुरतात. डोकं धरतं. तू मला सगळं लिहिलं होतंस रे. तो गॅसच चांदी काळी करतो, पहिल्या वर्षाच्या पोरीने ओळखलं असतं. मी ते वाक्य वाचलं आणि नवी अंगठी घेऊ म्हणून लिहिलं. मला वास गेलेला हवा होता. मला बदली हवी होती, हे घरी हवे होते, संस्थेत उभं राहून बोलायचं होतं. म्हणून जे हवं होतं तेच मी वाचलं. रागाच्या पत्रात मला माझं ९ फेब्रुवारीचं पत्र आठवलं, २३ मार्चचं आठवलं नाही. ते मी आठवूच दिलं नाही.

परवा संस्थेत माझा सत्कार झाला. तुमचं पाणी शुद्ध झाल्याची बातमी आली होती. हार घातला. मी उभी राहिले, हार काढून टेबलावर ठेवला आणि बाहेर निघून आले. लोकांना वाटलं, नवऱ्याच्या आठवणीने.

तुझं खोटं मी ठेवून घेणार नाही. तू ते माझ्यासाठी प्रेमाने केलंस हे मला कळतं आणि त्याबद्दल मी तुझी जन्माची ऋणी आहे, पण आपण दोघं एकमेकांना वाचवत बसलो तर तो साहेब आयता सुटतो. मी पंचवीस तारखेला येते आहे. उतरायला मी सांगितलं, हे सांगणार. का सांगितलं, तेही. रात्री ब्लोअर बंद ठेवला जात होता हे तू मला मार्चमध्येच लिहिलं होतंस, तेही सांगणार. यंत्राचे सेल कोणी काढले, हेही. मला नोकरीवरून काढतील, खटल्यात ओढतील, काय करायचं ते करोत. तू तुझी सही मागे घे. माझ्यासाठी नको घेऊस, तुझ्या बायकोसाठी घे. तिच्या नाकाचं आपण कोणीच ऐकलं नाही. निदान तिचं म्हणणं तरी ऐकू या.

तुझ्यावर रागावणं सोपं होतं, भोपू. दोन महिने मी त्या रागावर उभी होते. आता तो गेला आहे आणि कशावर उभी राहू ते कळत नाही.

चिमीला मी सांगितलं होतं की मामाने बाबांना खाली पाठवलं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. तिने तुझे सगळे फोटो एका पिशवीत भरून माळ्यावर टाकले. पोरीच्या मनात कोण राहावं, हे मी ठरवलं. आता ती दुपारी शाळेतून येईल. तिला समोर बसवून सांगायचं आहे की मामाने नाही पाठवलं, आईने पाठवलं. हे पत्र पेटीत टाकून आले की सांगायचं, असं मी सकाळीच ठरवलं. तेव्हापासून हे पत्र लिहितेच आहे. आणखी काही लिहायचं उरलेलं नाही, आणि मला उठवत नाही.

ताई